एकाच्या मापाचा तंबू

मोतद्दार,

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मायना घालूनच सुरुवात करते. तुमच्याबद्दल दुसऱ्या कोणाला सांगायला बसलं की ऐकणारा मध्येच म्हणतो, "तो घोडेवाला ना, जरा सर्किट होता तो?" आणि माझं डोकं फिरतं. तुमच्याशी बोलायचं म्हटलं की निदान मध्ये तोंड घालणारं कोणी नाही. जिवंत होतात तेव्हाही तुम्ही मध्ये बोलत नव्हतात.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते फाटका तोबरा घेऊन. आम्ही ताडपत्र्या शिवतो, तंबू शिवतो, ट्रकची कव्हरं शिवतो. घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी शिवून द्या म्हणत तोवर कोणी आलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या या. तुम्ही म्हणालात, मग आज संध्याकाळी तो कशात खाईल? आणि पायरीवर बसून राहिलात. भांडण नाही, विनवणी नाही, नुसतं बसणं. शेवटी हातातलं काम बाजूला टाकून मी तोबरा शिवून दिला, तेव्हा उठलात.

गणितात पदवी घेतलेली मी बाई. वडिलांचे डोळे गेले म्हणून चार महिने दुकान बघायला बसले, ती अजून उठलेली नाही. त्यामुळे मला वाटायचं, चिवटपणात माझा हात कोणी धरणार नाही. तुम्ही धरलात.

गावाबाहेरच्या रायडिंग स्कूलमध्ये तुम्ही एकतीस वर्षं मोतद्दार होतात. खरारा, दाणापाणी, लीद, जनावरांची आजारपणं. शाळा बंद पडली, त्या जागेवर इमारती उठल्या, चांगले घोडे विकले गेले आणि कोणालाच नको असलेले तीन तुम्ही घेऊन आलात. घोडी बाईसाहेब, जिला पाण्यात पाय घालणं कमीपणाचं वाटे. पोस्टमन, जो वाटेतल्या प्रत्येक दारासमोर थांबे. आणि धाकटा, ज्याचं वय तेव्हा एकोणीस होतं. या तिघांवर हौशी पाहुणे बसवून तुम्ही त्यांना खिंडीपलीकडच्या गवताळ माळावर न्यायचात, एक-दोन रात्री मुक्काम करायचात आणि परत आणून सोडायचात. स्वतः चालत. पाहुण्यांचे तंबू पाहुणे आणत. तुमचा बिछाना म्हणजे एक कांबळं आणि उशाला खोगीर, तोही घोडे बांधायच्या दोरीखाली.

तुमची खोली मी एकदाच पाहिली, तुम्हाला ताप होता तेव्हा. बर्फाच्या कारखान्यामागे ती एक खोली आणि तिला लागून पत्र्याची शेड. खोलीत खाट होती, चांगली लोखंडी. तिच्यावर तीन खोगिरं, तंगाचे पट्टे, रिकिबी, तेलाचा डबा. आणि तुम्ही खाली, उंबऱ्याला डोकं लावून, शेडकडे तोंड करून पडलेले. मी विचारलं, खाट कशाला घेतलीत मग? तुम्ही म्हणालात, खोलीत होतीच. खोगीर जमिनीवर ठेवलं तर त्याला ओल लागते. मी गोळ्या ठेवल्या आणि निघाले.

हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. आता मुद्द्यावर येते.

एका सकाळी मी शटर वर करते न करते तोच तुम्ही कार्ड घेऊन हजर. कार्ड तुमच्या मुलीचं. तुम्हाला मुलगी आहे हेच मला तेव्हा कळलं. ती नऊ वर्षांची असताना तुमची बायको तिला घेऊन माहेरी गेली होती. कारण तुम्ही सांगितलंत तेही तुमच्या पद्धतीने, जणू शेजारच्या कोणाचं सांगताय. आठवड्यातल्या सहा रात्री तुम्ही तबेल्यातच झोपायचात. एखादी घोडी व्यायची असायची, एखाद्याच्या पोटात दुखायचं, आणि काहीच नसलं तरी सवय झालेली. बायकोने दहा वर्षं सोसलं आणि मग ट्रंक भरली. आता मुलगी चाळिशीची. कुठल्याशा शहरात लोकांचे खोटे दात तयार करण्याचं काम करते, दिवसभर वाकून बसून पाठीचं दुखणं जडलेलं. आई गेल्यावर तिने हे कार्ड टाकलं होतं. लिहिलं होतं मोजकंच. रजा मिळते आहे. तुम्ही माणसांना डोंगरात नेता असं ऐकलं. मलाही न्या. एक रात्र राहीन.

एकतीस वर्षांनी मुलगी एक रात्र देत होती. तुम्ही कार्ड माझ्या कापायच्या टेबलावर ठेवलंत, त्यावर माझी कात्री ठेवलीत म्हणजे ते उडणार नाही, आणि म्हणालात, "तिला नीट झोप लागली पाहिजे, ताई. स्वस्तात काय होईल?"

त्या दिवशी दुपारपर्यंत आपण तेवढंच करत होतो. मी पाटी-खडू घेऊन बसले. नायलॉनचा तयार तंबू तुम्ही मोठ्या दुकानात बघून आला होतात, हलका, सुबक आणि तुमच्या आवाक्याबाहेरचा. माझ्याकडे जुना जाड कॅनव्हासचा तंबू पडून होता, तो मी जवळजवळ फुकट द्यायला तयार होते. पण तुम्ही तो उचलून पाहिलात आणि परत ठेवलात. एवढं ओझं घातलं तर एक घोडा नुसता तंबूसाठीच लागणार, आणि धाकट्याचे गुडघे आता तसे राहिले नाहीत. तुमच्या धंद्यात स्वस्त वस्तू जड असते आणि जड वस्तूची किंमत घोडा मोजतो, हे मला त्या दिवशी कळलं. दोन झाडांना झोळणा बांधून त्यात झोपवावं तर मुलीच्या पाठीचं मातेरं व्हायचं. मग मी म्हटलं, खिंडीच्या अलीकडे वनखात्याचं विश्रामगृह आहे, तिथे गादीची खाट मिळते, भाडंही किरकोळ आहे. हा सगळ्यांत शहाणपणाचा उपाय होता, तो तुम्ही ऐकूनच घेतला नाहीत. तिथे घोडे आवारात घेत नाहीत, खाली ओढ्यापाशी बांधावे लागतात. मी म्हटलं, मग एक रात्र राहतील ओढ्यापाशी. तुम्ही पायरीकडे बघायला लागलात. ती नजर मला माहीत होती. मी पाटीवरून विश्रामगृह पुसून टाकलं.

शेवटी ठरलं ते असं. माझ्याकडच्या उरल्यासुरल्या पातळ कापडाचं, मेण चोळलेलं, एका बाजूने उतरतं छप्पर, पुढे पडदा, खाली जाड अंथरणी. गुंडाळलं की खोगिराच्या मागे बसेल एवढंच. राहिली गादी.

"गादी कशाला हवी?" मी म्हटलं. "तुमच्याकडे तीन नमदे आहेत की."

नमदा म्हणजे खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर घालतात तो लोकरीचा जाड थर. तीन एकावर एक टाकले तर कुठल्याही खाटेच्या तोंडात मारेल असा बिछाना होतो. वजन शून्य, कारण ते घोड्यांच्या अंगावर जाणारच असतात. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तुम्ही हळूच म्हणालात, नमदा घोड्याचा असतो.

मी म्हटलं, रात्री घोडा त्याचं काय करतो? पांघरून झोपतो का?

तुम्ही हसलात. मी शिकलेली, म्हणून माझं ऐकलंत. शिकलेल्या माणसांचं ऐकायची तुम्हाला एक वाईट खोड होती.

मग मी टेप काढली आणि मुलीची उंची विचारली. ती तुम्हाला माहीत नव्हती. स्वतःच्या छातीशी हात नेलात, मग वर हनुवटीपाशी नेलात आणि म्हणालात, आईएवढी धरा. मी खडूने रेघ मारली. रुंदी टाकताना विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी घोड्यांपाशी. मला कुठे लागतं छप्पर."

एवढ्यातेवढ्यावर बोलून दाखवणारी मी बाई. नळाचं बिल उशिरा भरणाऱ्या शेजाऱ्याला सोडत नाही. त्या वेळी मात्र गप्प बसले. दुपार टळत होती, एका ट्रकचं कव्हर तसंच पडलं होतं, आणि अरुंद कापलं की कापड वाचत होतं. मी एकाचं माप टाकलं आणि कापलं.

मुलगी आली. तुम्ही तिला नेलंत, आणलंत, गाडीत बसवून दिलंत. तीन आठवडे तुमचा पत्ता नव्हता. मग एका दुपारी येऊन पायरीवर बसलात, आणि मी न विचारता बोलायला लागलात. तुम्ही एवढं सलग बोलताना मी दुसऱ्यांदा कधी ऐकलं नाही.

माळावर तुम्ही चांगल्या उजेडात पोचलात. वाऱ्याची दिशा बघितलीत, झुडपांच्या आडोशाला छप्पर ताणलंत, पाणी आलंच तर वाहून जाईल अशी भोवती चारी काढलीत. दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर दोरी बांधून घोडे तिला लावलेत. तेही मुलीच्या बिछान्यापासून पस्तीस पावलांवर, म्हणजे टापांचा आणि फुरफुरण्याचा तिला त्रास नको. पावलं मोजली होतीत तुम्ही. तीन नमदे झटकून अंथरलेत, वर स्वच्छ चादर. चहा झाला, खाणं झालं, थोडं बोलणं झालं, जास्त करून बाईसाहेबांच्या नखऱ्यांबद्दल. ती पडद्याशी गेली आणि म्हणाली, कंदील राहू दे, बाबा. तुम्हाला वाटलं, अंधाराची भीती वाटते. कंदील तिच्यापाशी ठेवलात, कांबळं खांद्यावर टाकलंत आणि पस्तीस पावलं चालून गेलात.

सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन दगडावर बसली होती. तुम्ही नमदे उन्हात पसरून बसलात. त्यांवर रात्रभर माणूस झोपलेलं, अंथरणीवर आलेल्या गवताची कुसळं नमद्यात शिरली असणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कुसळ एकदा लोकरीत घुसलं की वर दिसत नाही, आणि वरून खोगीर आवळलं की ते घोड्याच्या पाठीत उतरतं. म्हणून तुम्ही डोळे मिटून, तळहाताने, बोटाबोटाने तिन्ही नमदे चाचपलेत. तासभर तरी गेला. चौदा कुसळं काढलीत. कप गार झाले. तुम्ही मान वर केली नाहीत.

पंधरावं राहिलं.

दुपारी खिंड उतरताना बाईसाहेब पाठ आखडायला लागली. तुम्ही मुलीला खाली उतरवलंत, खोगिराचा तंग सोडलात, नमदा उचललात. पाठीवर लिंबाएवढी सूज. घोडीवर आता कोणी बसणं शक्य नव्हतं. पोस्टमनवर सामान होतं आणि धाकट्यावर तुम्ही उतारावर माणूस बसवत नाही. म्हणून दुखऱ्या पाठीची मुलगी आणि दुखऱ्या पाठीची घोडी, दोघींना घेऊन तुम्ही तीन तास चालत खाली आलात. त्या चालण्यात ती बोलली.

"रात्री कुठे होतात?"

"घोड्यांपाशी."

"मी जागी होते. वाटलं, याल."

"काही हवं होतं का?"

यावर ती हसली, असं तुम्ही म्हणालात. मग बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "लहानपणी आई सांगायची, बाबा कामावर झोपलेत. मला वाटायचं, काम संपलं की येतील."

गाडीत बसताना ती चांगलं बोलली. झोप छान झाली म्हणाली. घोडीला औषध लावा म्हणाली. परत येईन, असं मात्र म्हणाली नाही.

एवढं सांगून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "काय उत्तर द्यायचं असतं, ताई, अशा वेळी?"

मी म्हटलं, "उत्तर कसलं द्यायचं? आत जाऊन झोपायचं असतं."

"आत जागा कुठे होती? एकाचंच माप होतं."

"माप तुम्ही दिलंत."

"हो," तुम्ही म्हणालात. "मीच दिलं."

मी आत जाऊन पाणी प्याले. नमद्यांची कल्पना कोणाची होती याचा तुम्ही शब्द काढला नाहीत. घोडीचं पुढे काय झालं ते मला तुमच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाकडून कळलं. तो ताडपत्री घ्यायला आला होता. म्हणाला, मोतद्दाराची घोडी हंगामभर बसली, जखम चिघळली, कोणत्या दीडशहाण्याने नमद्यावर माणूस झोपवला कोण जाणे. मी म्हटलं, मी. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तुमच्या शेडमध्ये आले. बाईसाहेबांच्या पाठीवर जिथे जखम भरली होती तिथे पांढरे केस आले होते, बोटभर पट्टा. तिने माझ्याकडे तोंडसुद्धा वळवलं नाही, आणि बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, चूक माझी. तुम्ही खरारा चालवत होतात. म्हणालात, कुसळाची. तुमच्या शेडमध्ये बसायला काही नव्हतं, मी उभीच होते. बराच वेळ खराऱ्याचा आवाज ऐकत राहिले आणि मग घरी आले.

त्या हंगामात तुमचे पाहुणे अर्ध्यावर आले. दोन घोड्यांवर कितीसे बसणार. जे यायचे त्यांना मुक्कामाचं काय करावं हे तुम्ही फार बारकाईने सांगायला लागला होतात, असं त्यांच्यातल्याच एकाकडून ऐकलं. स्वस्त पडतं म्हणून वेगवेगळे छोटे तंबू आणू नका, एकच मोठा आणा, सगळे त्यात मावतात. ओझंही कमी होतं. त्या गृहस्थाला हा घोड्यांच्या वजनाचा हिशेब वाटला.

मग तो तंबू घेऊन तुम्ही आलात. घडी सोडून टेबलावर पसरलात आणि म्हणालात, दोघांचा करा. मी म्हटलं, मध्ये कळी, म्हणजे कापडाची जादा पट्टी, घालून वाढवता येईल, फक्त छप्पर जरा बसकं होईल. चालेल म्हणालात. मग घुटमळलात. मला वाटलं, कापडाचं काही असेल. तुम्ही म्हणालात, एका बाजूला खिडकी करा, झडप असलेली. झोपल्या जागेवरून घोडे दिसतील अशी.

मी हसले नाही. उलट खडू तुमच्या हातात दिला आणि म्हटलं, आडवे व्हा आणि डोळे कुठे येतात ते दाखवा. तुम्ही माझ्या दुकानात, गिऱ्हाईक आत-बाहेर करत असताना, तंबूच्या कापडावर कुशीवर झोपलात आणि खडूने खूण केलीत. एक बाई ताडपत्री न घेताच परत गेली. जाऊ दे म्हटलं.

तंबू मी चांगला केला. दुहेरी शिवण, खिडकीला तीन बंद, कळीचं कापड त्याच रंगाचं शोधून आणलं. तुम्ही बघायला आलात, आत शिरलात, बाहेर आलात, पुन्हा शिरलात. मग पायरीवर न बसता टेबलापाशी उभे राहिलात आणि म्हणालात, एक काम आहे. मुलीला फोन करायचा. तुम्हाला फोनवर सुचत नाही. मी लावायचा, दुकानातून बोलते आहे असं सांगायचं, तंबू आता दोघांचा झालाय, पुन्हा एक रात्र येशील का, एवढं विचारायचं आणि मग फोन तुमच्या हातात द्यायचा.

मी तुम्हाला झाडलं. बापाने लेकीला विचारायचं, त्यात दुकानदारणीचं काय काम? तुम्ही म्हणालात, तुम्ही सुरुवात करून द्या, पुढचं मी बोलतो. मग मी हो म्हटलं. गुरुवारी, दुकान उघडल्या उघडल्या. तंबूला बांधायच्या चिठ्ठीवर तुम्ही तिचा नंबर लिहून ठेवलात. एकेक आकडा सुटा, नाल ठोकावी तसा.

गुरुवारी तुम्ही आलात, स्वच्छ शर्ट घालून. माझ्याकडे ट्रकवाला उभा होता, त्याला कव्हर त्याच दिवशी हवं होतं. मी टेबलामागूनच म्हटलं, आज नाही, उद्या या. आणि तुम्ही, जे तोबऱ्यासाठी पायरीवर ठाण मांडून बसला होतात, बरं म्हणालात आणि गेलात. शुक्रवारी तुमच्याकडे पाहुणे होते. पुढच्या आठवड्यात धाकटा आजारी पडला. मग थंडी सुरू झाली आणि डोंगर बंद झाला. आता वसंतातच बघू, असं आपण रस्त्यात भेटलो तेव्हा म्हटलं. त्या थंडीत नालबंदाने तुम्हाला दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी तोच सांगायला आला.

मुलगी आली होती म्हणे. दोन दिवस राहिली, खोली रिकामी केली, खाट घरमालकाला दिली, घोडे नालबंदाच्या हवाली केले. दुकानात आली नाही. तिला काय माहीत तंबू कोणी शिवला आणि पुढे कोणी वाढवला. मला कळलं तेव्हा तिची गाडी निघून गेली होती.

तंबू वरच्या फळीवर आहे. नंबर चिठ्ठीवर आहे, फोन टेबलावर आहे. दोनदा उचलला. पण तिला सांगायचं काय? तुमच्या वडिलांनी मला तुम्हाला एक विचारायला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी माझ्याकडे ट्रकवाला होता, हे? अजून केलेला नाही.